ऐकायचा हक्क आणि हलगी

आपल्या लोकांनी आजवर फार वाजवलं. ऐकलं किती?

प्रश्न साधा वाटतो. पण जरा थांबून बघ दोस्ता. लग्न पाटलाच्या पोराचं, वाजवणार आपण. ज्या देवळाची पायरी आपल्याला बंद, त्या देवाच्या पालखीपुढं वाजवणार आपण. दवंडी, मयत, जत्रा... कातडं आपलं, टिपरू आपलं, हात आपले, फोड आलेली बोटं आपली. ऐकणारे मात्र ते. ओट्यावर, सतरंजीवर, पान चघळत, मान डोलवत. वाजवणारा माणूस कधीतरी खाली बसलाय आणि निव्वळ स्वतःच्या कानाच्या सुखासाठी ऐकतोय, असं चित्र सबंध गावगाड्यात कुठं सापडत नाही.

आणि हे काही सहज घडलेलं नाही. गौतम धर्मसूत्र काढून बघा. शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील नाहीतर लाख ओतावी. उच्चारला तर जीभ छाटावी. ध्यानात ठेवला तर देहाचे तुकडे करावेत. आपण नेहमी त्या शिक्षेच्या क्रूरपणावर बोलतो. मला तिचा क्रम महत्त्वाचा वाटतो. पहिला गुन्हा ऐकण्याचा! जीभ नंतर, डोकं नंतर. ज्यांनी हे लिहिलं त्यांना पक्कं ठाऊक होतं की माणूस बिघडायला, म्हंजे माणूस व्हायला, कानापासून सुरुवात होते.

हे सगळं पुन्हा उगाळायचं कारण असं, की सारोळ्याची आम्ही चार पोरं मुंबईला जाऊन पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा ऐकून आलो. आता सारोळ्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो जयंतीचा. ट्रकच्या फाळक्यावर स्टेज, दोन भोंगे, ऑक्टोपॅडवाला, कॅसिओवाला, भीमगीतं आणि मधूनच फर्माइशीचं सिनेमाचं गाणं. हायवेवरून नीरेच्या पुलाकडं जाणारे ट्रक हॉर्न मारतात तोही त्यातच धरायचा. त्यामुळं मुंबईच्या ऑर्केस्ट्रात कोण गातं म्हणून घरच्यांनी विचारलं. कुणीच गात नाही म्हटल्यावर सगळे गप्प झाले. गप्प राहिला नाही तो आमचा एक कार्यकर्ता मित्र. तो म्हणाला, "आरं, चळवळीला वर्गणी मागितली तर खिसं उलटं करून दावताय, आन् गोऱ्यांची रडवाद्यं ऐकाया तिकीट काढताय? आता निस्तं जानवं घालायचं ऱ्हायलंय."

हा आरोप चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पांढरपेशा होण्याची भीती खरी आहे. नोकरी लागली, फ्लॅट झाला, की आपला माणूस आडनाव बदलतो, वस्तीकडं पाठ करतो आणि मैफलीला जाऊन बसतो, हे आपण पाहिलंय. तेव्हा प्रश्न असा मांडू या: ज्या कलेच्या मागं राजे होते, सरदार होते, साम्राज्याचा पैसा होता, ती कला आपण ऐकावी का? ऐकली तर कुणाचं देणं लागतो?

आधी तिथं काय होतं ते सांगतो. ड्वोर्झाकची नववी सिम्फनी होती. 'नव्या जगातून' असं तिचं नाव. सिम्फनी म्हंजे सत्तर-ऐंशी माणसांनी मिळून वाजवायची चार भागांची लांब रचना. ही चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते. दारावर आडनाव विचारलं नाही, तिकीट विचारलं. तिकीट ही काही समता नव्हे. पैसेवाल्याला पुढची खुर्ची आणि आम्हाला पार वर, छताच्या बगलेत. पण येसकराच्या नातवाला दारात उभं राहून जोहार घालावा लागला नाही, एवढं नमूद करतो.

हा ड्वोर्झाक कोण? प्रागजवळच्या एका खेड्यातल्या खाटकाचा पोरगा. जन्म १८४१. बाप जनावरं कापायचा, गुत्ता चालवायचा. १८९२ साली न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीनं त्याला संचालक म्हणून बोलावलं. जीनेट थर्बर या बाईनं काढलेल्या त्या संगीतशाळेत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश होता. त्यातला एक हॅरी बर्ली. त्याचे आजोबा गुलामीतून सुटलेले, डोळ्यांनी अधू. त्यांच्या तोंडून शिकलेली गुलामांची भजनं बर्ली ड्वोर्झाकला गाऊन दाखवायचा. १८९३ साली ड्वोर्झाकनं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातून उघड सांगितलं की अमेरिकेचं पुढचं संगीत या निग्रो गाण्यांच्या पायावर उभं राहील. तिथल्या बड्या लोकांना ते झोंबलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच शहरात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले.

पण गोष्ट इथं गोड करून संपवायची नाही. ज्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं ती सिम्फनी पहिल्यांदा वाजवली, त्या ऑर्केस्ट्रात पहिला काळा वादक कायम नोकरीवर कधी लागला? सॅनफर्ड ॲलन, व्हायोलिनवाला, १९६२ साली. एकोणसत्तर वर्षं! गाण्यांचा गंध चालला, गाणारा चालला नाही. पुढं अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांनी निवडीच्या वेळी पडदा लावायला सुरुवात केली. वादक पडद्याआड वाजवणार, परीक्षकांनी फक्त ऐकायचं. रंग नाही, बाई की पुरुष नाही, नाव नाही. निव्वळ कान. त्या पडद्यानं बायकांची संख्या वाढली. काळ्यांची फारशी नाही. २०१४ च्या मोजणीत ती दोन टक्क्यांच्याही आत होती. कारण पडद्यापर्यंत पोचायला लहानपणी हातात व्हायोलिन यावं लागतं, मास्तर लागतो, सराव करायला खोली लागते. आपल्याकडं 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून छाती पिटणाऱ्यांना हा पडदा दाखवा. न्याय फक्त शेवटच्या दारात उभा केला की काय होतं ते त्यात दिसतं.

पहिला भाग संपला तशा आमच्यातल्या एका पोरानं टाळ्या वाजवल्या. वाजवणारच. काळजात हललं की हात उठतात. आणखी चार-दोन टाळ्या आल्या आणि विरल्या. चारही भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही अशी तिथली रीत आहे. तो पोरगा चुकला का? माझ्या मते मुळीच नाही. ही रीत काही देवाच्या तोंडातून पडलेली नाही. मोझार्टनं १७७८ साली पॅरिसहून बापाला पत्र लिहिलंय, आपली सिम्फनी चालू असतानाच लोकांनी कशा टाळ्या दिल्या ते. तो खूश झाला होता. बीथोवनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग १८१३ साली पहिल्याच प्रयोगात लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. आपल्या तमाशातला वन्समोअर म्हणा की! हे मढ्यासारखं गप्प बसणं नंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचं. पोटं भरलेल्या शहरी वर्गानं आपलं वेगळेपण दाखवायला काढलेलं सोवळं म्हटलं तरी चालेल.

मात्र मला त्या शांततेत आणखीही काही दिसलं. आपल्याला एक शांतता रक्तातून ठाऊक आहे. वाड्यापुढं मान खाली घालून उभं राहण्याची. एकजण बोलतो म्हणून दुसऱ्यानं गप्प बसायचं, ती. इथली तशी नव्हती. खालच्या महागड्या खुर्च्यांतला शेटजी गप्प होता, त्याची बायको गप्प होती आणि वरच्या टोकाला आम्ही गप्प होतो. कुणापुढंही नाही. एका आवाजापुढं. असं सगळ्यांबरोबर, सारख्या हक्कानं गप्प बसायला मिळणं हे मला नवीन होतं. वर्गणीपेक्षा तिकीट मोठं का, या मित्राच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं हलगीत आहे.

सगळ्यात मागं एक माणूस तांब्याच्या मोठ्या हंड्यांमागं उभा होता. हंड्यांच्या तोंडावर कातडं ताणलेलं. टिंपनी म्हणतात त्याला. सिम्फनी सुरू होते ती अगदी हलक्या सुरात. सेलो गुणगुणल्यासारखे वाजतात. मग एकदम सगळी तारवाद्यं तुटून पडतात आणि मागून तो माणूस ठोका देतो. तो ठोका माझ्या छातीला ओळखीचा निघाला. व्हायोलिनचं माहीत नव्हतं, बासरीच्या त्या चांदीच्या नळ्यांचं माहीत नव्हतं, पण कातड्यावर काठी पडली की काय होतं हे सांगायला आम्हाला कुठल्या गुरूची गरज? आणि मधल्या वेळात तो करत काय होता? हंड्यावर वाकून, कान कातड्याजवळ नेऊन, बोटानं हळूच टिचकी मारून सूर बघत होता. आपला हलगीवाला दुसरं काय करतो? पाचट नाहीतर कागद पेटवून हलगी शेकतो, टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा शेकतो. त्याच्या पायाखाली पेडल नावाची कळ असते, आपल्याकडं जाळ. काम तेच.

आणि हे वाद्य मूळचं त्यांचं नाहीच. अरबी-तुर्की फौजांच्या नगाऱ्यांवरून युरोपनं ते उचललं. तिथं त्याला केवढा मान! १६२३ साली जर्मन सम्राटानं तुतारीवाल्यांच्या आणि नगारेवाल्यांच्या संघाला सनद दिली. ते राजाचे लोक. त्यांची विद्या गुपित, बाहेरच्यानं ते वाद्य वाजवायचं नाही. पण त्याच जर्मन मुलखात मेलेलं जनावर ओढून नेणारा, त्याचं कातडं सोलणारा माणूस मात्र 'बेइज्जत' धरला जायचा. त्याला शिवलेल्या कारागिराला कारागिरांचा संघ बाहेर काढायचा. वाचताना अंगावर काटा येतो. तिथं कातडं वाजवणारा सन्मानाचा आणि सोलणारा विटाळाचा. इथं दोघेही विटाळाचे. म्हंजे विटाळ कातड्यात नव्हता. असता तर दोन्हीकडं एकाच जागी सापडला असता. आपल्याकडंही तबल्या-मृदंगाचं पान कुणी कमावलं आणि मैफलीत बोटं कुणाची नाचली, याचा हिशेब मांडून बघा. मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कुटुंबांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठं त्या हातांची नावं छापली गेली.

मग आपण हलगी का टाकली? महाडनंतर आपल्या माणसांनी मढी ओढणं सोडलं, सांगावे नेणं सोडलं, गावोगाव त्यांच्या लग्नांत आणि देवांपुढं वाजवणं सोडलं. त्यापायी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर उरलंसुरलंही सुटलं. त्या सोडण्याचा मला अभिमान आहे. पण आवाज हलका म्हणून सोडली का? नाही. 'वाजवत नाही' असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून सोडली. ज्या कामाला नकार देता येत नाही ते काम कला होत नाही, ती वेठ. मग ते कितीही गोड वाजो.

हे फक्त आपल्यापुरतं आहे असंही नाही. हायडन हा सिम्फनीचा बाप समजतात. १७६१ साली तो एस्टरहाझी नावाच्या सरदाराकडं लागला. करारात काय लिहिलंय? नोकराचा ठरलेला पोशाख घालायचा, पांढरे मोजे, केसांना पावडर. रोज दुपारच्या आधी आणि नंतर धन्याच्या दालनाबाहेर हजर राहून आजचा हुकूम काय ते विचारायचं. लिहिलेलं संगीत धन्याचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. येसकरीच की! बिऱ्हाड बरं, पगार बरा, पण येसकरीच. १७७२ साली सरदारानं वादकांना घरच्यांपासून दूर, आपल्या उन्हाळी वाड्यावर फार दिवस अडकवून ठेवलं. तेव्हा हायडननं एक सिम्फनी लिहिली. तिच्या शेवटाला एकेक वादक आपला भाग संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून चालता होतो. शेवटी उरतात दोन व्हायोलिनं. सरदार समजला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली, अशी हकीकत सांगतात. दोस्ता, हा संपच आहे. फक्त सुरात केलेला.

आता त्या नवव्या सिम्फनीतला एक माणूस सांगतो, म्हणजे मी कशावर अडलो ते कळेल. झांजवाला. सबंध सिम्फनीत झांज एकदा वाजते. चौथ्या भागात. तीही मोठ्यानं नाही, हलकेच. बाकी सगळा वेळ तिचं काम गप्प राहण्याचं. तसाच तो पितळेचा अजस्र ट्यूबा. दुसऱ्या भागात मोजके सूर, की झालं. पण ही माणसं पाहुण्यासारखी येऊन जात नाहीत. काळा कोट घालून, खुर्चीवर, सगळ्यांबरोबर बसतात. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव असतं. एका ठोक्याची मजुरी एका ठोक्याएवढी धरत नाहीत. आपल्या हलगीवाल्याला कुणी कधी खुर्ची दिली? रात्रभर वाजवून घेतलं, पहाटे शिळंपाकं फडक्यात टाकलं.

अर्थात तिथंही सगळं समतेचं राज्य आहे असं कुणी समजू नये. काठी हातात घेऊन उभा राहणारा तो कंडक्टर मुकादमच असतो. त्याची जाहिरात मोठी, त्याचं मानधन मोठं. मॉस्कोत १९२२ ते १९३२ अशी दहा वर्षं विनाकंडक्टरचा ऑर्केस्ट्रा चालवून बघितला होता कामगारांच्या राज्यानं. व्हिएन्नाच्या नावाजलेल्या ऑर्केस्ट्रानं १९९७ पर्यंत बाईला सभासद करून घेतलं नव्हतं. आणि मुंबईत? एनसीपीए १९६९ ची. तिथं २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तर निम्म्याहून जास्त नुसती खुर्च्या भरायलासुद्धा परदेशातून, कझाकस्तानातून वादक आणावे लागले. का? या देशात हात नव्हते? गोव्याच्या चर्चच्या शाळांत शिकलेली गरीब पोरं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत आयुष्यभर व्हायोलिन घासत राहिलीच ना! अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. त्यांनी तर १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यांचं नाव लोकांना माहीत आहे ते १९७७ च्या सिनेमातल्या पात्रामुळं, शिष्य प्यारेलालनं ठेवलेल्या आठवणीमुळं. खुद्द माणूस पडद्याआडच.

राहता राहिला तो जानव्याचा टोमणा. मित्राला एवढंच सांगितलं: बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ज्या माणसाकडं श्वास घ्यायला वेळ नव्हता, ज्याच्या टेबलावर हिंदू कोड बिल, बुद्ध आणि अर्धी लिहिलेली पुस्तकं पडलेली होती, त्यानं तो गज हातात धरला. कुणाच्या लग्नात वाजवायला? कुणासाठीच नाही. स्वतःसाठी. आपल्या सगळ्या पिढ्यांत वाद्याला असा हात क्वचितच लागला असेल. मित्र म्हणाला, "बाबासायबांची गोष्ट येगळी." मला ती वेगळी वाटत नाही. ती वेगळी ठरवली की आपण पुन्हा फोटोला हार घालून मोकळे.

खरी अडचण पुढंच आहे. हलगी आपण टाकली तरी ती काही बंद पडली नाही. आपल्या भागात ती आज बहुतेक मातंग भावांच्या हातात आहे. आणि आपलीच पोरं, जी सभेत जातिअंताच्या घोषणा देतात, ती हलगीवाल्याला 'ए वाजंत्र्या' म्हणून हाक मारतात. मिरवणुकीत त्याला डीजेच्या मागं ठेवतात. सुपारी ठरवताना अशी घासाघीस करतात की पाटलानं लाजावं. मुंबईत टिंपनीवाल्याकडं बघताना मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी ही घासाघीस आठवली. त्यांच्या ठोक्याला खुर्ची आणि आपल्या ठोक्याला 'ए'?

म्हणून यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी ठराव टाकला. पलीकडच्या वस्तीतले हलगीवाले बोलवायचे. मिरवणुकीत पुढं चालवायला नाही, स्टेजवर खुर्च्या टाकून बसवायला. भाषणांच्या आधी अर्धा तास फक्त हलगी. लोकांनी खाली बसून ऐकायचं. पत्रिकेत त्यांची नावं वक्त्यांच्या बरोबरीनं छापायची. आधी जाऊन विचारायचं, तुम्हाला वाजवायचंय का. नको म्हणाले तर विषय संपला. दर ते सांगतील तो.

पोरांना पटलं. विरोध झाला तो दोन म्हाताऱ्यांचा. त्यातले एक उठून म्हणाले, "माज्या बापानं हलगी नीरंत फेकली, तवा त्याचा हात मोडला गावानं. मोडका हात घेऊन मेला त्यो. आन् तुमी ती बाबासायबांच्या फोटूफुडं आणून ठेवताय?" मी वेठ आणि कला यातला फरक सांगायला लागलो. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते, पण मान हलते कुठल्या दिशेनं ते कळत नव्हतं. ठराव मताला टाकलेला नाही. पुढची बैठक रविवारी आहे.